तारा लावल्यात, मग क्लिनिंग कुठं? जवळचा दवाखाना, तारवाले डॉक्टर की डेंटल कॉलेज

आमच्या पोरीच्या दातांना तारा लावून वर्ष झालं आणि बेळगावात तिन्हीकडं क्लिनिंग करून बघितलंय, खानापूर-निपाणीकडचे पाव्हणे पण विचारत असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

घराजवळचा दवाखाना स्वस्त, थांबायला पण लागत नाही. पण तार तशीच ठेवून मशीन फिरवतात, काढली तर परत बांधणार कोण? त्यामुळं ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेला तार धरणारा बारका तुकडा असतो त्याच्या, कडेचं राहतंच. तिथल्या असिस्टंट बाई "ब्रश जोरात मार ग" एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांनी बघतोय तर ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग! दात किडायची ती सुरुवात, आणि प्लाक, म्हणजे दातावरचा चिकट थर, साचून राहिला तर महिन्याभरात पण येतात. सगळा दोष त्यांचा नाही म्हणा, आमची पोरगी रात्री गोड कुंदा खाऊन तशीच झोपणारी.

तारवाल्या डॉक्टरकडं, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडं, 4-6 आठवड्यांनी जावंच लागतं, तेव्हा तार काढलेली असतानाच क्लिनिंग उरकून घ्यायचं. काम इथं सगळ्यात नीट. फक्त संध्याकाळची गर्दी, समजावून सांगायला वेळ कुणाला.

कॉलेजं दोन, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. कॉलेजला जायचं तर अर्धा दिवस हाताशी ठेवायचा. शिकणारी पोरं करतात, वरचे डॉक्टर येऊन तपासतात. पण खरं शिकवलं ते कॉलेजातल्या एका मुलीनं. दातांना लाल रंग लावला, हातात आरसा दिला आणि म्हणाली, आता घास बघू. पोरीनं घासघास घासलं तरी लाल राहिलंच, कुठं, तर ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधल्या पट्टीत. मग ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वरनं, मग खालनं, आणि बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू असावं तसला इंटरडेंटल ब्रश तारेखालनं. रात्री फ्लोराईडच्या पेस्टनं घासल्यावर नुसतं थुंकायचं, लगेच खळखळून चूळ नाही.

1948 च्या डेंटिस्ट ॲक्टमध्ये हायजिनिस्टचं, म्हणजे दात साफ करायचं शिकलेल्या माणसाचं, काम म्हणून साफसफाईबरोबर हे शिकवणं पण धरलेलं होतं, पण आपल्याकडं ते काम बहुतेक असिस्टंटच्या गळ्यात पडतं. म्हणून कुठंही जावा, आधी विचारा, तारेखालनं फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, कसा घालायचा दाखवता काय? तो दोरा ओवायचा थ्रेडर काढून दाखवला तर बसा खुर्चीत.

माझं विचाराल तर क्लिनिंग तारवाल्याकडं, आणि शिकायला एक दिवस कॉलेजात, तो पण तारा लावल्या लावल्या. आम्ही डाग पडल्यावर गेलो.