यूएन कॉमट्रेड: संत्र्याच्या बाजारासाठी फुकटचा डेटाबेस, पण रकाने नीट वाचा

संत्रा निर्यातीचा विषय निघाला की नागपुरात प्रत्येकाकडे स्वतःचा एक आकडा असतो. कळमन्याच्या बाजार समितीतला अडत्या गाड्यांमध्ये बोलतो, बागवाला टनांत, आणि पुढारी थेट कोटींत. मी काटोल-नरखेडकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना प्रकल्प अहवालातला बाजाराचा भाग लिहून देते. बँकेच्या साहेबांना 'यंदा गाड्या कमी गेल्या' चालत नाही, आकड्याखाली स्रोत लागतो. त्या कामासाठी मी यूएन कॉमट्रेड वापरते, आणि ते ज्यांच्या उपयोगाचं आहे त्यांनी वापरावं म्हणून हे लिहिते आहे.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग आहे, त्यांचा हा डेटाबेस. सुमारे २०० देश-प्रदेशांनी आपापल्या आयात-निर्यातीचे आकडे पाठवायचे, आणि ते एका छापाच्या रकान्यांत बसवून सगळ्यांना बघायला खुले ठेवायचे. वार्षिक आकडे १९६२ पासून आहेत. आपल्याकडचे आकडे कोलकात्याचं वाणिज्यिक माहिती आणि सांख्यिकी महासंचालनालय तयार करतं. बघायला पैसे पडत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या ओळखीच्या एका कंपनीने 'एक्सपोर्ट मार्केट स्टडी' म्हणून चांगली जाडजूड रक्कम मोजली होती. त्या गुळगुळीत कागदावरच्या अहवालात आलेखांच्या खाली बारीक अक्षरांत स्रोत कॉमट्रेडच होता. पैसे गेले ते रंगांचे.

आता वापरण्याचं. पहिला अडथळा कोडचा. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने मालाला सहा आकडी कोड दिले आहेत, त्याला एचएस म्हणतात. १९८८ पासून ही पद्धत चालू आहे आणि काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. आपला नागपुरी संत्रा या यादीत ०८०५१० मध्ये बसत नाही. तिथे माल्टा-मोसंबीच्या जातीची गोड संत्री आहेत. आपला बसतो मँडरिनच्या खान्यात, ०८०५२१ मध्ये. तोही २०१७ पासून. त्याआधी मँडरिन आणि क्लेमेंटाइन सगळे मिळून ०८०५२० मध्ये होते. नुसतं ०८०५२१ टाकून दहा-पंधरा वर्षांची मालिका मागितली तर आधीची वर्षं रिकामी दिसतात, आणि घाईत असलेला माणूस लिहून मोकळा होतो की २०१७ आधी निर्यातच नव्हती. शिवाय बिलावर 'ऑरेंज' बघून कोणी ०८०५१० टाकला असेल तर माल तिकडे मोजला जातो. म्हणून मी ०८०५ खालचे सगळे कोड एकदम काढते, शेजारी शेजारी लावते, मगच काय ते लिहिते.

यातच माझी मोठी तक्रार येते. सहा आकड्यांपर्यंतच सगळं जग एक आहे. त्यापुढचे आकडे ज्याचे त्याचे, भारताचे आठ. या सहा आकड्यांत पंजाबचा किन्नो आणि आपला नागपुरी संत्रा एकाच खान्यात पडतात, कारण दोन्ही मँडरिन. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपण केवढा गाजावाजा केला. कॉमट्रेडला त्याचा पत्ताच नाही. बांगलादेशात गेलेल्या मालात विदर्भाचा किती, हे इथून निघणार नाही. जो काढून दाखवेल त्याला विचारा, कसं काढलं.

दुसरी गोष्ट वर्षाची. कॉमट्रेडवरचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. आपल्या संत्र्याचे बहार दोन, आंबिया आणि मृग. आंबिया ऑक्टोबरपासून तुटायला लागतो आणि जानेवारीपर्यंत चालतो, म्हणजे एका हंगामाचे दोन तुकडे दोन वर्षांत पडतात. डिसेंबरात भाव पडला म्हणून तोड पुढे ढकलली, की कागदावर एक वर्ष खाली आणि दुसरं वर. मृग फेब्रुवारीनंतरचा, तो त्याच दुसऱ्या वर्षात जाऊन बसतो. संत्र्यापुरतं बोलायचं तर आपलं एप्रिल-मार्चच बरं. उपाय आहे: वार्षिकऐवजी मासिक आकडे उतरवायचे आणि हंगाम स्वतः जुळवायचा. वेळ लागतो, पण बँकेसमोर ततपप होत नाही.

यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे एकच व्यवहार दोन्ही बाजूंनी बघता येतो. भारत म्हणतो बांगलादेशला इतकं पाठवलं, बांगलादेश म्हणतो भारताकडून इतकं आलं. आकडे जुळत नाहीत. नरखेडकडच्या एका कंपनीच्या अध्यक्षांना, म्हणजे काकाजींना, मी दोन्ही रकाने दाखवले तर ते चष्मा वर करून म्हणाले, "एकच संत्रा, एकच गाडी. मंग आपल्या सरकारचा आकडा येगळा अन् त्यायचा येगळा, हे कसं काय बाप्पा?"

"काकाजी, दोघांनी आपापल्या गेटवर मोजलं," मी म्हटलं.

"मंग ब्यांकेले कोनता द्याचा?"

"दोन्ही."

"दोन्ही देल्ले तर सायेब म्हनन, याईलेच मालूम नाही."

साहेबांची भीती रास्त आहे, म्हणून कारणं सोबत लिहावी लागतात. निर्यात करणारा देश मालाची किंमत आपल्या सीमेपर्यंतची धरतो, आयात करणारा त्याच्या सीमेपर्यंतची, भाडं आणि विमा धरून. समुद्रावरून कंटेनर जात असेल तर हा फरक मोठा. पण आपली गाडी पश्चिम बंगालातल्या सीमेवरच्या पेट्रापोलला येते आणि सीमा ओलांडली की बेनापोल. नागपूर ते पेट्रापोलचं भाडं निर्यातीच्या किमतीत आधीच आलेलं असतं, म्हणजे भाड्यामुळे फरक थोडाच पडायला हवा. तो जास्त दिसला तर दुसरीकडे बघायचं: शुल्क लावताना तिकडच्या कस्टमने धरलेली किंमत आणि आपल्या व्यापाऱ्याच्या बिलावरची किंमत एकच असते असं नाही, कोड वेगळा पडला असेल, किंवा डिसेंबरअखेर निघालेली गाडी तिकडे जानेवारीत नोंदली असेल. दुबईमार्गे जाणाऱ्या मालाची आणखी गंमत. आपण लिहितो अमिरात, आणि शेवटी जिथे पोचतो तो देश लिहितो भारत, कारण आयात नोंदताना मूळ देश धरायचा असा संकेत आहे. कळमन्यात शेतकऱ्याची काटापावती आणि अडत्याची पट्टी यांत जसा फरक दिसतो, तसंच हे. दोन्ही कागद समोर असले तरच बोलता येतं. कॉमट्रेड या दोन आकड्यांची सरासरी मारून एक गोड आकडा बनवत नाही. ज्याने जे सांगितलं ते त्याच्या नावावर ठेवतं. माझा भरवसा त्यावरच आहे.

एक रकाना मात्र कोणीच बघत नाही. वजनाच्या जवळ एक खूण असते, वजन देशाने दिलेलं आहे की अंदाजाने भरलेलं. काही देशांकडून किलो येतच नाहीत, फक्त डॉलर येतात. मग सांख्यिकी विभाग त्या मालाची प्रमाण किंमत घेऊन वजन काढतो. आता तुम्ही डॉलरला त्या किलोने भागून 'तिथे संत्रा किलोला एवढा जातो' असं लिहिलं, तर जी किंमत त्यांनी आत घातली तीच तुम्ही बाहेर काढली. असले भाव मी अहवालांत छापलेले बघितले आहेत. ती खूण असेल ती ओळ मी भावाच्या हिशेबातून सरळ उडवते.

एवढ्या सरकारांना एका रांगेत बसवणं हे कष्टाचं काम आहे आणि फार कंटाळवाणं. त्याची पाळंमुळं १९४७ पर्यंत जातात. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाची पहिली बैठक झाली, आणि नमुना पाहणीच्या उपआयोगाचं अध्यक्षपद आपल्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांकडे आलं. अधिकृत सांख्यिकीची दहा मूलतत्त्वं आयोगाने १९९४ मध्ये घेतली आणि महासभेने २०१४ मध्ये मान्य केली. त्यांतलं नववं म्हणतं की सगळ्यांनी एकच व्याख्या, एकच वर्गीकरण वापरा. आमच्या अहवालात त्याची किंमत कळते. नाहीतर ढाक्याचा मँडरिन आणि दिल्लीचा मँडरिन एका तक्त्यात आलाच नसता.

सहावं तत्त्व मात्र आमच्या लोकांना आवडत नाही. कंपन्यांची पहिली मागणी ठरलेली: "ताई, तिकडच्या खरीददाराचं नाव काढून द्या." ते इथे नाही, आणि नसणारच. सहावं तत्त्व सांगतं की एकेकट्या व्यक्तीची किंवा धंद्याची माहिती गुप्त ठेवायची. एखाद्या मालात दोन-तीनच व्यापारी असतील तर काही देश तो कोडच झाकतात आणि माल 'इतर' म्हणून ९९९९९९ मध्ये टाकतात. नावं हवी असतील तर अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, खरेदीदार-विक्रेता मेळाव्याला जा, इथे वेळ घालवू नका.

किरकोळ गोष्टी. लॉगिन न करता एका वेळी ५०० ओळी दिसतात. फुकट नोंदणी केली की एका मागणीला एक लाखापर्यंत, आम्हाला पुरून उरतात. सगळं इंग्रजीत आहे. देशांच्या यादीत 'भारत' दोनदा दिसेल. एकाचा कोड ६९९, दुसऱ्याचा ३५६ आणि पुढे 'सिक्कीम वगळून, १९७४ पर्यंत'. पहिला घ्या. एखाद्या देशाचं ताजं वर्ष रिकामं असेल तर तिथे शून्य लिहू नका, त्याने अजून पाठवलेलं नसतं. तेव्हा भारताच्या बाजूचा आकडा घ्या आणि तसं लिहा. आणि एवढी कटकट नको असेल तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचं ट्रेड मॅप बघा. बराचसा माल कॉमट्रेडचाच, पण मांडणी सोपी.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो किन्नोपायी. उद्या कळमन्यात भाव काय निघेल हे बघायला आलेल्यांनी बाजार समितीचे आवक-भाव बघावेत. कॉमट्रेड महिन्यांनी मागे असतं. पण शीतगृह बांधायचं की नाही, ग्रेडिंग-वॅक्सिंगची लाइन किती टनांची घ्यायची, एकाच देशाच्या भरवशावर कर्ज काढायचं का, असे प्रश्न असतील तर आधी इथे या. काकाजींच्या अहवालात शेवटी दोन्ही आकडे गेले, खाली कारणांसह. साहेबांनी त्यावर एकच शेरा मारला: बांगलादेशने शुल्क आणखी वाढवलं तर कंपनीकडे दुसरा कोणता देश आहे? त्याचं उत्तर कंपनीला द्यायचं आहे. मी सध्या नेपाळ आणि आखाताचे मासिक आकडे उतरवते आहे.