मेळ्यातली जोडी ऑफर: हँड मिक्सर आणि इस्त्री घेताना झालेली फसवणूक

ग्वाल्हेरला मेळा लागला की शहराच्या लष्कर भागातल्या बऱ्याच घरांची मोठी खरेदी तिथेच होते. माधवराव महाराजांनी 1905 साली सुरू केलेला हा मेळा आमच्याकडे सणासारखाच असतो. फ्रिज, टीव्ही, रजया, क्रोकरी, सगळं 'मेळ्यात बघू' म्हणून थांबवून ठेवलेलं असतं. आमच्या घरातला फ्रिज तिथलाच आहे, त्याने कधी कुरकुर केली नाही. तेव्हा हे लिहिणं मेळ्याविरुद्ध नाही. काही फिरते स्टॉलवाले एक ठरावीक डाव खेळतात, तो आमच्याशी खेळला गेला, आणि तो इतका साधा आहे की चौकस माणूसही त्यात सापडतो. काउंटरवर चालवून दाखवतात ती वस्तू एक, आणि बंद खोक्यात घालून देतात ती दुसरी. प्रदर्शनात, सेलमध्ये, कॉलनीच्या गेटाशी टेबल टाकून बसणाऱ्यांकडे, कुठेही हे होऊ शकतं.

माझ्या भाचीचं, म्हणजे वन्संच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. नवा संसार बंगळुरूला. तिला केक, श्रीखंड असलं काहीतरी करत राहायची हौस, म्हणून हँड मिक्सर. आणि नवराबायको दोघंही नोकरीवाले, म्हणून चांगली इस्त्री. वन्संची सगळी नोकरी बँकेत गेली. कागद वाचल्याशिवाय त्या साधी पोचपावतीही घेत नाहीत. त्यामुळे 'बायकांना गंडवलं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्यांनी जे जे बघायचं ते सगळं बघितलं होतं.

स्टॉलवर एका नावाजलेल्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव होतं, एका अक्षराचा काय तो फरक. मुलगा चुणचुणीत. त्याने काचेच्या भांड्यात क्रीम घेऊन हँड मिक्सर लावला, बघता बघता क्रीम उभं राहिलं. मग सुती ओढणीचा बोळा करून तो इस्त्रीने सरळ करून दाखवला. वन्संनी इस्त्री हातात घेऊन वजन पाहिलं, तापमानाची चकती कमी-जास्त केली, लाल दिवा विझतो का ते पाहिलं. विझला. वायर जाड होती, मुठीपाशी फिरती होती. खोक्यावर 5,499 छापलेलं, दोन्ही मिळून जोडीने 1,800. मेळ्यात सवलती असतातच, त्यामुळे भाव ऐकून शंका यावी असं काही नव्हतं.

पैसे दिल्यावर पडद्यामागून दोन खोकी आली, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली. वन्सं म्हणाल्या, उघडून दाखवा. तर तो म्हणाला, "दीदी, सील टूटी तो वारंटी खतम. और शादी में देना है ना? खुला डिब्बा देंगी क्या?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. खोकं उघडल्याने कुठल्याही वस्तूची वॉरंटी जात नाही. यंत्राच्या आतले स्क्रू आपण उघडले तर ती जाऊ शकते, पण खोक्याच्या पट्टीचा वॉरंटीशी काही संबंध नाही. दुकानात चालवून बघितल्यावर तर खरं दुकान वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देतं. पण लग्नाचा आहेर म्हटल्यावर आपल्यालाही खोकं कोरंकरकरीत हवं असतं, आणि समोरच्याला ते बरोबर ठाऊक असतं.

खोकी तशीच कपाटात राहिली. मेळा उठला. केळवणाच्या दिवशी भाचीनेच हट्टाने ती उघडली, म्हणाली, इथेच वापरून बघते, मग सामानात भरते. चक्का फेटायला हँड मिक्सर लावला तर दोन्ही बीटर, म्हणजे फेटायच्या काड्या, एकमेकांवर आपटायला लागले, आणि श्रीखंडात साखर पुरती विरघळायच्या आत जळका वास सुटला. मिक्सर गरम होऊन बंद पडला तो पडलाच.

इस्त्रीचं प्रकरण त्याहून वाईट. माझ्या सासूबाईंची चंदेरी साडी भाची सीमांतपूजनाला नेसणार होती. चकती रेशमावर ठेवली, वर मलमलचं फडकं घातलं, सगळं रीतसर. लाल दिवा विझलाच नाही. फडक्याखालून वास आला तेव्हा पदराच्या जरीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी ठसा उठला होता. जरीच्या तारा तिथे काळवंडून आखडल्या आहेत, आणि मधलं रेशीम बोट लावलं की तुटतं. इस्त्री उचलताना भाचीच्या हाताला झिणझिण्या आल्या त्या वेगळ्याच. साडीचं दुःख आहेच, पण मला झोप लागू देत नाही ती ही झिणझिणी.

दौलतगंजात आमचे नेहमीचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी इस्त्री उघडायच्या आधीच मल्टीमीटर काढला. एक टोक प्लगच्या मोठ्या, वरच्या पिनेला, दुसरं इस्त्रीच्या तळाला. अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी तार, जोडलेलं असेल तर मीटर तिथे 'टूं' वाजतो. हा गप्प. मग त्यांनी प्लगच्या बाकीच्या दोन पिनांमध्ये मोजलं. खोक्यावर 1000 वॅट लिहिलेलं. 230 व्होल्टवर एवढ्या ताकदीच्या इस्त्रीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 53 ओहम यायला हवा. आला 96. म्हणजे जेमतेम साडेपाचशे वॅटची इस्त्री. हे त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर भागाकार करून दाखवलं, मला तो चिटोरा जपून ठेवावासा वाटला.

उघडल्यावर बाकीचं कळलं. वायर बाहेरून जाड, आत दोनच तारा. हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची तिसरी तार नव्हतीच. प्लगची तिसरी पिन नुसती शोभेला. जादा गरम झाल्यावर वितळून वीज तोडणारा फ्यूज नाही. तापमान सांभाळणारी दुहेरी धातूची पट्टी होती, पण वीज जोडणारे-तोडणारे तिचे टोकाचे बिंदू पहिल्याच तापण्यात चिकटून बसले होते, म्हणून दिवा विझत नव्हता आणि तळ तापतच जात होता. वजन भरावं म्हणून आत एक लोखंडी पट्टी स्क्रूने कसलेली. वन्संनी काउंटरवर हातात धरलेली इस्त्री ही नव्हे, हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

हँड मिक्सरच्या मोटरीची तार त्यांनी ब्लेडने खरवडली. वरून तांब्यासारखी लाल, आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियम. बीटर फिरवणारी चाकं प्लास्टिकची होती. ती चांगल्या यंत्रातही असतात, त्यात गैर नाही, पण यांचे दाते इतके मऊ की एका वापरात झिजून पडले, म्हणून बीटर एकमेकांवर आदळत होते.

यापुढे मी स्वतः काय बघेन ते सांगते. पहिली गोष्ट, खोकं वाचायचंच नाही, वस्तू वाचायची. इस्त्रीच्या अंगावर किंवा टाचेवर एक पाटी असते. तिच्यावर व्होल्ट, वॅट, बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयचा शिक्का असायला हवा. विजेच्या इस्त्रीला हा शिक्का आपल्या देशात सक्तीचा आहे, तिचं मानक आयएस 366. शिक्क्याच्या वर मानकाचा आकडा आणि खाली 'सीएम/एल' लिहून परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे, फुकट आहे. त्यात हा क्रमांक घातला की परवाना कुणाचा, कुठल्या मालासाठी, चालू आहे की संपलाय, सगळं दिसतं. आमच्या इस्त्रीवर शिक्का नव्हता, फक्त खोक्यावर होता. त्यावरचा क्रमांक वन्संनी ॲपमध्ये घातला तर तो दुसऱ्याच कारखान्याचा, दुसऱ्याच मालाचा निघाला. नुसता शिक्का छापणं कुणालाही जमतं, हा क्रमांक मात्र त्याला खोटा पाडतो. दुकानात उभ्या उभ्या बघता येतो.

बिलाचंही तसंच. आम्हाला छापील पावती मिळाली होती, तिच्यावर जीएसटी क्रमांकही होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. घरी मोजला तर चौदा अक्षरं. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, आणि पहिले दोन आकडे राज्याचे, मध्यप्रदेशचे 23. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घातला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. स्कॅनरवर पैसे देताना फोनवर जे नाव येतं तेही वाचा. आमच्या वेळी दुकानाचं नाव आलंच नाही, एका माणसाचं आलं.

कोणती वस्तू घ्यावी, हेही याच रागात सांगून टाकते, कारण अर्धवट माहितीचाच हे लोक फायदा घेतात. हँड मिक्सर आणि हँड ब्लेंडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि स्टॉलवर मुद्दाम एकाच नावाने विकल्या जातात. ब्लेंडरला खाली पातं असतं, तो टोमॅटो, आंबा, मिल्कशेक, असलं बारीक करायला. मिक्सरला दोन बीटर असतात, तो क्रीम, केकचं पीठ, चक्का फेटायला. घरगुती हँड मिक्सर बहुतेक अडीचशे-तीनशे वॅटचे असतात. याहून फार मोठा आकडा छापलेला दिसला तर खूश होऊ नका, शंका घ्या. मिक्सरबरोबर पीठ मळायचे वाकडे हुक येतात ते मऊ पिठापुरते, पोळ्यांची घट्ट कणीक त्यात घालू नये. आणि सलग किती मिनिटं चालवायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ज्या मिक्सरबरोबर पुस्तिकाच नाही तो परत करा.

इस्त्रीत आमच्या घरी साधी, 1000 वॅटची, बिनवाफेचीच पुरते. ती घरातल्या छोट्या, 6 अँपिअरच्या प्लगवर आरामात चालते. वाफेच्या मोठ्या इस्त्र्या 1600 वॅटच्या पुढे जातात, त्यांना 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो. छोट्या प्लगवर त्या लावल्या की आधी प्लग काळा पडतो. शिवाय बोअरचं खारं पाणी घातलं तर वाफेची भोकं क्षाराने बुजतात. चकतीवर एक, दोन, तीन ठिपके असतात, ते साधारण 110, 150 आणि 200 अंशांचे. चंदेरी, महेश्वरी असली रेशीम-सुती साडी एक-दोन ठिपक्यांच्या पुढे नेऊ नये. पण ठिपक्यांना अर्थ तेव्हाच, जेव्हा आतली पट्टी खरोखर वीज तोडते. म्हणून दुकानात, तुमच्याच खोक्यातली इस्त्री काढून, कमी तापमानावर लावा आणि दिवा विझेपर्यंत तिथेच उभे राहा. विझला, थोड्या वेळाने परत लागला, की पट्टी काम करते आहे. 'टक्' असा बारीक आवाजही येतो. गर्दी आहे, मागचे गिऱ्हाईक खोळंबलेत, असं सांगून घाई केली तर पैसे देऊ नका.

तक्रारीचं सांगायचं तर वन्संनी आधी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पण वॉरंटी कार्डावरच्या दिल्लीच्या पत्त्यावर त्या नावाचं दुकानच नाही, तेव्हा तडजोड करायची कुणाशी? मग त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. 2019 च्या कायद्याप्रमाणे विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. लोक म्हणतात, अठराशे रुपयांसाठी एवढं कशाला. वन्संचं उत्तर एकच असतं, अठराशे माझे गेले, पण ती इस्त्री ज्या ज्या घरात गेली असेल तिथे अर्थिंगची तार नाहीये.

पैसे ज्याच्या खात्यात गेले त्या माणसाचं नाव आमच्याकडे आहे, व्यवहाराचा क्रमांक आहे, आणि मिस्त्रींनी सही करून लिहून दिलेला कागद आहे. त्याच धाग्यावर प्रकरण पुढे चाललंय. तसला जोडी-सेट तुमच्याकडे आला असेल तर इस्त्री आधी प्लगमधून काढा आणि कुठल्याही मिस्त्रीकडून मोठ्या पिनेपासून तळापर्यंत तार जोडलेली आहे का ते तपासून घ्या. जळलेला मिक्सर, खोकं, पावती भंगारात देऊ नका. आयोगात आमचे पुरावे हेच आहेत.