जी-२० अध्यक्षपदावरची निळ्या कव्हरची पुस्तिका, तीन आठवडे वापरून लिहितोय

जी-२० म्हणजे मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट, २०२३ ला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, त्यावरची ही पुस्तिका. तिचं आणि ती काढणाऱ्या क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण खाली चुका पण लिहिल्यात आणि मला कुणाशी वाद घालायचा नाही. अप्पा बळवंत चौकात चालू घडामोडीच्या ढिगात मिळते, निळं कव्हर, ११२ पानं, १६० रुपये, त्यामुळे शोधणाऱ्याला कळेलच. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, म्हणजे "जी-२० ची २०२३ ची परिषद कुठे झाली, पर्याय क्रमांक ब" एवढ्यावर भागत नाही, भारताने त्या वर्षी नक्की काय केलं आणि त्याचं महत्त्व काय हे दोन पानं लिहावं लागतं. म्हणून घेतली. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मित्राने पण घेतली आणि आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन पान न् पान वाचली, दिल्ली घोषणापत्राची, म्हणजे २०२३ च्या परिषदेत मंजूर झालेल्या निवेदनाची, मूळ प्रत मोबाईलवर उघडी ठेवून.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलंय. दुसरं प्रकरण, "अध्यक्षपद म्हणजे काय", या एका प्रकरणासाठी मी हे पैसे पुन्हा मोजेन. बहुतेक नोट्स सुरुवात करतात बोधचिन्हापासून, कमळ, सात पाकळ्या, वसुधैव कुटुंबकम्, झालं. इथे लेखकाने पहिल्याच पानावर सांगितलंय की जी-२० ला स्वतःचं कायम सचिवालय नाही, करार नाही, मतदान नाही, जे काही होतं ते सगळ्यांच्या सहमतीने, आणि म्हणून ज्या देशाकडे अध्यक्षपद असतं त्याच्यावर सगळा भार येतो. विषय कुठले घ्यायचे ते तो ठरवतो, बाहेरून कुणाला बोलवायचं ते तो ठरवतो, मसुदा त्याचे लोक लिहितात. मला हे वाचताना लग्नघरचा यजमान आठवला, आमंत्रणं त्याच्या हातात, स्वयंपाक काय करायचा ते त्याच्या हातात, पण एक जवळचा पाहुणा जरी रुसून बसला तरी पंगत सुरू होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप लागतं.

याच प्रकरणात शेर्पा ट्रॅक आणि फायनान्स ट्रॅक, म्हणजे जी-२० च्या कामाच्या दोन वाटा, पण नीट सोडवून सांगितल्यात. एकीकडे अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, दुसरीकडे नेत्याचा प्रतिनिधी म्हणजे शेर्पा, शिखरावर जाणाऱ्याचं ओझं वाहणारा तो, त्यावरूनच हे नाव. आपल्या वर्षी अमिताभ कांत होते. २०१४ ला ब्रिस्बेनच्या परिषदेच्या वेळी आपले सुरेश प्रभू शेर्पा होते हे मला माहीत नव्हतं, इथे कळलं. आणि अजून एक गोष्ट जी कुठल्याच क्लासमध्ये ऐकली नव्हती, आपलं अध्यक्षपद मुळात २०२२ चं ठरलं होतं, इंडोनेशियाकडे २०२३ ला आसियानचं (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचं) अध्यक्षपद येत होतं म्हणून अदलाबदल झाली. त्या अदलाबदलीमुळे आपल्या वाट्याला युक्रेन युद्धाचं दुसरं वर्ष आलं आणि त्यानेच परीक्षा झाली आपली.

त्या परीक्षेवरचं पान म्हणजे पान ४७. ते पान मी झेरॉक्स काढून टेबलासमोर चिकटवलंय. डावीकडे बालीच्या, म्हणजे इंडोनेशियातल्या आधीच्या परिषदेच्या, घोषणापत्रातला युक्रेनचा परिच्छेद, उजवीकडे दिल्लीचा, ओळीला ओळ लावून, आणि जे शब्द बदलले त्याखाली रेघ. बालीत नोव्हेंबर २०२२ मध्ये बहुतेक सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला असं सरळ लिहिलंय आणि रशियाच्या आक्रमणाचा उल्लेख असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाचे शब्द पण घेतलेत. दिल्लीत तो निषेध गेला, रशियाचं आक्रमण हे शब्द गेले, त्याऐवजी सगळ्याच देशांनी दुसऱ्याची जमीन बळाने घेण्यापासून दूर राहावं अशी सर्वांना लागू होणारी भाषा आली. अण्वस्त्रांचा वापर किंवा धमकी मान्य नाही हे दोन्हीकडे आहे. आजचं युग युद्धाचं नसावं हे पण दोन्हीकडे. नुसतं डावं-उजवं बघत बसलो तरी अर्धा तास गेला, एकेका शब्दामागे किती रात्री गेल्या असतील त्या लोकांच्या.

आणि हे पान समजायला आधीचं पान ४५ पण वाचा, तिथे फेब्रुवारी २०२३ ची बंगळुरूची अर्थमंत्र्यांची बैठक आहे. दोन परिच्छेदांना रशिया आणि चीनने नकार दिला, संयुक्त निवेदन निघालंच नाही, अध्यक्षांचा सारांश काढून वेळ निभावून न्यावी लागली. मार्चमध्ये दिल्लीत परराष्ट्रमंत्र्यांचं पण तेच. म्हणजे वर्षभर गाडी त्याच ठिकाणी अडत होती, आणि ९ सप्टेंबरला, शिखर परिषदेच्या पहिल्याच दिवशी, ८३ परिच्छेदांचं घोषणापत्र एकमताने मंजूर झालं, तेही शी जिनपिंग आणि पुतिन दोघंही आलेले नसताना, त्यांच्या जागी चीनचे पंतप्रधान ली चियांग आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव बसले होते. मला हे वाचून अभिमान वाटला, लपवत नाही.

पण इथेच पुस्तिका कमी पडते. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी म्हटलं होतं की जी-२० ने यात अभिमान बाळगावा असं काही नाही. ही दुसरी बाजू एका ओळीत पण नाहीये. वर्णनात्मक पेपरला फक्त आपलं कौतुक लिहून मार्क मिळत नाहीत आणि मुळात आपण काय साधलं हे कळायला त्याची किंमत काय पडली ते कळावं लागतं ना. सहमती मिळाली ती शब्द मऊ करून मिळाली. मला स्वतःला वाटतं तो सौदा योग्य होता, कारण गट तिथे फुटला असता तर कर्ज, हवामान, धान्य या बाकीच्या विषयांवर बोलायला टेबलच उरलं नसतं, पण हे मत बनवायला माहिती दोन्ही बाजूंची पाहिजे आणि ती मला बाहेरून शोधावी लागली.

आता सगळ्यात मोठी तक्रार. आफ्रिकन युनियनला चार ओळी. चार! ५५ देशांची संघटना, तोपर्यंत अख्ख्या खंडातून एकटा दक्षिण आफ्रिका सदस्य, आणि आपल्या अध्यक्षपदाच्या काळात ती कायम सदस्य झाली. परिषदेच्या सुरुवातीलाच कोमोरोसचे अध्यक्ष अझाली असुमानी, जे तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते, त्यांना जयशंकर हाताला धरून घेऊन आले, मोदींनी मिठी मारली आणि असुमानी युनियनच्या खुर्चीवर बसले. तो व्हिडिओ मी खूपदा बघितलाय. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात टिकाऊ काम हेच, घोषणापत्रं दरवर्षी निघतात आणि लोक विसरतात पण ती खुर्ची आता कुणी काढून घेणार नाही. याच्याआधी जानेवारीत १२५ देशांना ऑनलाइन एकत्र आणून व्हॉइस ऑफ ग्लोबल साउथ (विकसनशील देशांचा आवाज) परिषद घेतली होती, म्हणजे जे टेबलवर नाहीत त्यांना आधी विचारलं आणि मग टेबलवर गेलो. हा धागा जोडून दाखवला असता तर हे प्रकरण सोन्यासारखं झालं असतं. त्याऐवजी बोधचिन्हावर दीड पान आहे.

चुका. पान १२ वर सदस्य म्हणून १९ देश आणि युरोपियन युनियन एवढंच, आणि पान ६१ वर आफ्रिकन युनियन सामील, दोन्ही एकाच पुस्तकात, पान १२ दुरुस्त करून घ्या. पान ७० वर भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर (रेल्वे आणि जहाजांचा व्यापारी मार्ग) हा "जी-२० चा निर्णय" म्हणून दिलाय, तो नाहीये, परिषदेच्या बाजूला काही देशांनी आणि युरोपियन युनियनने मिळून केलेला सामंजस्य करार आहे तो, घोषणापत्राचा भाग नाही. ही चूक मुलं सर्रास करतात म्हणून ठळक सांगतोय. जागतिक जैवइंधन आघाडीचं पण तसंच, ती भारताच्या पुढाकाराने त्याच दिवशी सुरू झाली पण तिची सदस्यता वेगळी. आणि जी-२० ची "स्थापना २००८" हे तर चुकलंच, अर्थमंत्र्यांचा गट १९९९ चा, आशियातल्या आर्थिक संकटानंतरचा, २००८ ला वॉशिंग्टनमध्ये नेत्यांची पहिली परिषद झाली, भारत १९९९ पासून आहे.

अर्थकारणाचा भाग मात्र घाईत उरकलाय, आणि मंच आर्थिक आहे बाबांनो! जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय बँका सुधारण्यासाठी अर्थतज्ज्ञ एन. के. सिंह आणि लॅरी समर्स यांच्या गटाचा अहवाल एका ओळीत. कर्जात बुडालेल्या झांबिया, घानाचं काय झालं ते नाही. विकसनशील देशांना २०३० पर्यंत हवामानासाठी ५.८ ते ५.९ ट्रिलियन डॉलर लागतील हे घोषणापत्रात मान्य केलंय, तो आकडा आहे, पण तो पैसा कुठून येणार यावर तिथे ठोस काही नाही हे कुणीतरी लिहायला हवं. अक्षय ऊर्जा तिप्पट करायची असं म्हटलं पण जीवाश्म इंधन हळूहळू बंद करण्यावर एकमत झालं नाही. तसंच पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून झोपड्यांसमोर पडदे लावल्याच्या बातम्या मुंबई-दिल्लीतून आल्या होत्या, मुलाखतीत विचारू शकतात, पुस्तिकेत शोधू नका.

शेवटी ६० शहरांचा नकाशा आहे, दुमडलेला, रंगीत, कागद चांगला. २०० च्या वर बैठका देशभर पसरवल्या हे त्यावर एका नजरेत दिसतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, पैकी संभाजीनगरला महिलांच्या डब्ल्यू-२० ची आणि नागपूरला नागरी संस्थांच्या सी-२० ची सुरुवातीची बैठक झाली. पुण्यात जानेवारी २०२३ ला पायाभूत सुविधांवरची बैठक झाली तेव्हा मी इथेच होतो, भिंतींवर चित्रं, दुभाजकांत कुंड्या, आणि जूनमध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेच्या बैठकीला पाहुणे आले तेव्हाच दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या. आमच्या मेसच्या काकूंनी विचारलं होतं, "हे जी-ट्वेंटी म्हणजे काय रे, आपल्याला काय मिळणार यातून?" तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. परवा दुसरं प्रकरण वाचून झाल्यावर मी त्यांना पोळ्या होईपर्यंत दहा मिनिटं सांगितलं, यजमान, पंगत, आफ्रिकेची खुर्ची सगळं, आणि त्यांना कळलं. त्यांनी लगेच विचारलं की मग आपल्या आधी-नंतर यजमान कोण, तर इंडोनेशिया, भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका असे चार विकसनशील देश ओळीने झाले हे पण सांगितलं.

पाचपैकी साडेतीन. भाषा सोपी आहे, अक्षर मोठं, बायंडिंग तीन आठवड्यांत सुटायला लागलंय तेवढं बघा. पूर्व परीक्षेपुरतं वाचणाऱ्यांनी घेऊ नका, त्यांना याची गरज नाही. मुख्य परीक्षा आणि मुलाखतवाल्यांनी घ्या, पण घोषणापत्र शेजारी ठेवून वाचा, इंग्रजी आहे, जड आहे, तरी निदान पहिले १५ परिच्छेद वाचाच. दुकानात घेताना दुसरी आवृत्ती मागा, मागच्या कव्हरच्या आत शुद्धिपत्राचा पांढरा कागद चिकटवलेला असतो, तो असेल तर स्थापनेचं साल त्यात दुरुस्त केलंय. कॉरिडॉरची चूक त्यातही तशीच आहे. मी क्लासला पान नंबर टाकून मेल केलाय, उत्तर आलं की इथे खाली टाकतो.