जुना एसी द्या, सबसिडी घ्या : या नावाखाली चालणारी लूट

उन्हाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. जुना एसी किंवा फ्रिज द्या, फाइव्ह स्टार घ्या, सरकारी सबसिडी थेट खात्यात. वर अशोकस्तंभ, खाली मोबाइल नंबर. अंधेरीतल्या एका निवृत्त जोडप्याचे पैसे याच मेसेजपायी गेले. त्यांना कसं गाठलं, ते नीट समजून घ्या; इतरांनाही असंच गाठतात.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा घरी आला. त्याने वीजबिल, आधार, पॅन आणि रद्द केलेल्या चेकचे फोटो काढले, ‘नोंदणी शुल्क’ म्हणून १,४९९ रुपये यूपीआयवर घेतले आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं पाठवून दीड टनाचा जुना स्प्लिट एसी उतरवून नेला. ‘सरकारी स्क्रॅपिंग’ असल्यामुळे त्याचे पैसे मिळणार नाहीत, असं सांगितलं. पावती मागितली तर म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. पावती आली नाही, तीन दिवसांनी फोन आला: “काका, तुमचं मंजूर झालंय, फक्त अ‍ॅपमध्ये स्टेटस बघा.” सोबत एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायचं अ‍ॅप. ती उघडताच तिने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. परवानगी दिली आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे जाऊ लागले. रात्रीत खातं रिकामं झालं.

म्हणजे तीनदा लुटलं. शुल्क गेलं, एसी गेला आणि खात्यातली रक्कमही गेली. त्यातली एसीची चोरी कुणाच्या लक्षातच येत नाही. जुन्या एसीत तांब्याचं कॉइल आणि कॉम्प्रेसर असतो, भंगारातही त्याला चांगला भाव येतो. उतरवणारा खरा मेकॅनिक आहे का, हे त्याच्या हातांकडे बघून कळतं. तो एसी कूलिंगवर चालू ठेवतो, आउटडोअर युनिटचा बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) बंद करतो, मिनिटभरात गॅस कॉम्प्रेसरकडे ओढला गेला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करतो. याला पंप डाउन म्हणतात. भामट्यांची माणसं सरळ पाइप कापतात. फस्सकन गॅस हवेत जातो आणि जुन्या एसीत बहुधा आर-२२ असतो, जो ओझोनच्या थराला घातक आहे.

माणसं फसतात याला कारण आहे. छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत केंद्राची सबसिडी खरोखरच ग्राहकाच्या खात्यात जमा होते, ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत. त्यामुळे एसीचंही तसंच असेल, असं वाटतं. पण वीज कंपन्यांच्या जुन्याच्या बदल्यात नव्या योजनांची रीत वेगळी आहे. सूट नव्या उपकरणाच्या किमतीतूनच वजा होते आणि बिलावर दिसते. आधी तुम्ही भरा, मग सरकार तुम्हाला देईल, असं कुणी सांगितलं की तिथेच थांबा. ऊर्जा दक्षता ब्यूरोचं, म्हणजे बीईईचं काम स्टार लेबलचे निकष ठरवण्याचं आहे, घरोघरी माणसं पाठवून शुल्क गोळा करण्याचं नाही.

मुंबईत आणखी एक खूण उपयोगी पडते. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज बेस्टची, उपनगरांत अदानी, दोन्हीकडे टाटा पॉवरचे ग्राहक, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दादरच्या बेस्ट ग्राहकाला कुणी महावितरणची योजना विकत असेल तर पुढे बोलूच नका. योजना खरी वाटली तरी वीजबिलावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करून विचारा, मेसेजमधल्या नंबरावर नको.

दुकानातली फसवणूक निराळी असते. जुना माल फाइव्ह स्टार म्हणून, ‘सबसिडीनंतरच्या’ भावाने विकतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले. स्प्लिटला पाच स्टारसाठी पूर्वी आयएसईईआर (खर्च झालेल्या विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो, तो आकडा) ४.५० पुरायचा, तेव्हा तो ५.०० झाला. म्हणून निव्वळ तारे मोजू नका. लेबलवरचा आयएसईईआर आकडा, वार्षिक युनिट आणि लेबलचा कालावधी वाचा. युनिटचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, त्यामुळे दोन मॉडेल याच आकड्यावर ताडून बघता येतात. मॉडेल नंबर बीईईच्या स्टार लेबल अ‍ॅपमध्ये टाकून बघा. स्टिकरवर पाच आणि अ‍ॅपमध्ये तीन निघाले तर तो एसी घेऊ नका.

फसलात तर लाजू नका, वेळ घालवू नका. आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. मग दुसऱ्या फोनवरून सायबर हेल्पलाइन १९३० ला कळवा आणि बँकेला सांगून खातं व कार्ड बंद करा. यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी असेल तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता वाढते. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल, बँकेचीही नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. पण ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून एकेक तास मोलाचा आहे.

एपीके काढून टाकताना सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’मधून आधी तिची परवानगी काढा, नाहीतर ती अनइन्स्टॉल होत नाही. फोन फॅक्टरी रिसेट केला तर उत्तम, पण त्याआधी मेसेज आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंगही बंद करा, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. दुकानदाराने खोटं लेबल विकलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, सोबत बिल आणि लेबलचा फोटो.