लिओ राउसम : वादकाची ध्वनिमुद्रिका, कारागिराचे वाद्य

बेळगाव-खानापूर भागात लग्नाच्या मांडवातली सनई आणि घरातली पेटी ऐकत वाढलेल्या श्रोत्याने आयर्लंडच्या लोकसंगीताकडे वळताना आधी लिओ राउसम यांची ‘री ना बीबरी’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी, असे मला वाटते. क्लाडा रेकॉर्ड्स या कंपनीची ही पहिलीच ध्वनिमुद्रिका १९५९ साली निघाली. डब्लिनचे राउसम (१९०३–१९७०) इलन पाइप्स हे आयर्लंडचे पिशवीवाद्य वाजवत, शिकवत आणि स्वतः घडवतही असत. हे वाद्य वाजवण्याची परंपरा त्यांच्या घरात आजोबांपासून होती आणि वडील वाद्ये घडवतही असत.

या वाद्यात तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखालच्या भात्याने दुसऱ्या बगलेतील पिशवीत हवा भरली जाते, दोन सप्तकांच्या नळीवर बोटांनी चाल वाजते आणि तीन नळ्या अखंड षड्ज धरून राहतात. सनईच्या ताफ्यातला सूर धरणारा साथीदार येथे वादकाच्याच मांडीवर बसलेला असतो. त्याशिवाय रेग्युलेटर नावाच्या, चाव्या बसवलेल्या आणखी तीन नळ्या असतात आणि चाल न थांबवता मनगटाच्या कडेने त्या चाव्या दाबून स्वरसंघ उमटवायचे असतात. राउसम यांची खरी हुकमत येथेच आहे. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात राहणाऱ्या, पेटीला सरावलेल्या कानाला ही साथ लगेच सापडते, मात्र जलद नृत्यचालींत ती कधी कधी इतकी दाट होते की मूळ चाल तिच्यामागे दबते. संथ चालींत असे होत नाही, म्हणून त्या आधी ऐकाव्यात.

आपल्याला खटकेल ती गोष्ट म्हणजे विस्ताराचा अभाव. चाल दोन-तीनदा फिरते आणि संपते. आलापीची वाट पाहणारा श्रोता निराश होणारच. सगळी करामत बारीक अलंकारांत आहे, विशेषतः सर्वांत खालच्या स्वरावर बोटांनी काढलेल्या तुटक, झटपट आघातांत, आणि ते टिपण्यासाठी चांगला हेडफोन लागतो.

राउसम यांची वाद्ये मोठ्या आवाजाची, सभागृहात पोहोचणारी म्हणून ओळखली जातात. कोणाला वाद्यच घ्यायचे असेल, तर पूर्ण संच घेण्याची घाई करू नये. पिशवी, भाता आणि चालीची नळी एवढाच सरावसंच प्रारंभी पुरेसा असतो. सूर धरणाऱ्या नळ्या जोडल्या की अर्धा संच होतो आणि रेग्युलेटर सर्वांत शेवटी येतात. नळ्यांत आवाज काढणाऱ्या बोरूच्या पत्त्या हवामानाला फार हळव्या असतात, त्यामुळे आपला धो-धो पावसाळा आणि कोरडा उन्हाळा या दोन्हींत त्या जुळवून घ्याव्या लागतील. १९६८ साली स्थापन झालेली डब्लिनची ‘ना पीबरी इलन’ ही वादकांची संस्था पत्त्या बनवण्याचेही शिक्षण देते. वाद्य मागवण्यापूर्वी तेथे चौकशी करणे श्रेयस्कर.