ताण ओळखण्यासाठी वही की श्वास?

संध्याकाळी दांडिया बाजारातून मांडवीकडे स्कूटर चालवणाऱ्या बडोदेकराला आपले खांदे ताठरले आहेत हे बहुधा घरी पोचल्यावरच कळते. ताण वेळीच ओळखायचा असेल, तर वहीत लिहिणे आणि शरीराकडे लक्ष देणे असे दोन मार्ग आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे क्लेशदायक अनुभव लिहिले. ज्यांनी घटनांबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांचे मन लगेच खिन्न झाले, तरी पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. वहीचे बळ पुनरावृत्ती दाखवण्यात आहे: चिडचीड दर महिनाअखेरीस, हिशेबाच्या दिवसांतच होते, हे चार पाने उलटल्यावर दिसते. (एकत्र कुटुंबात वही दुसऱ्याच्या हाती पडण्याची धास्ती मात्र खोटी नव्हे.)

शरीराकडे लक्ष देण्याचा लाभ तत्काळ मिळतो, कारण आवळलेला जबडा सिग्नलपाशीही जाणवतो आणि उच्छ्वास लांबवल्यास हृदयगती मंदावते. परंतु ताण कशामुळे येतो, हे श्वास सांगत नाही. म्हणून सुरुवात वहीने करावी, असे माझे मत आहे. अपवाद एकच: लिहिताना तोच विचार घोळवत बसणाऱ्यांनी आधी श्वासाकडे वळावे.