मोठी एसयूव्ही कच्च्या वाटांसाठी: उंच आणि भक्कम करायची, की हलकी आणि मऊ?

पूर्ण आकाराची एसयूव्ही दारात आहे, कच्च्या वाटांवरून लांबचे प्रवास करायचे आहेत आणि गाडीत तुमच्याबरोबर आणखी तीन-चार माणसं असणार आहेत. बदल करायला घेतले की दोन दिशा दिसतात. पहिली सगळ्यांच्या ओळखीची: गाडी ५० ते ७५ मिलिमीटर उचलायची, मोठे मड-टेरेन (खोल खाचांचे, चिखलासाठीचे) टायर घालायचे, पुढे पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), छतावर कॅरियर आणि त्यावर तंबू. दुसरी दिशा फोटोत फारशी दिसत नाही. उंची जवळपास मूळचीच ठेवायची, रिम लहान करायची, ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचे) टायर घ्यायचे, पैसा शॉक ॲब्सॉर्बरवर घालायचा आणि वजनावर कडक लक्ष ठेवायचं. पुढे पहिलीला ‘भक्कम’ आणि दुसरीला ‘मऊ’ म्हणतो.

माझं मत आधीच सांगतो. वाट पार करणं हा हेतू असेल तर भक्कम बांधणीत दम आहे. पण वाटेवरून दिवसभर जाऊन संध्याकाळी माणसं ताजी उतरावीत असं वाटत असेल, तर मऊ बांधणी घ्या. त्याची कारणं खाली सविस्तर देतो, आणि भक्कम बांधणी कुणाला खरोखर लागते तेही.

त्रास नेमका कशाचा होतो

कच्च्या वाटेवर शरीराला तीन वेगळे त्रास होतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एक, बारीक लाटांच्या रस्त्यावरची सततची खडखड. दोन, खड्ड्यात किंवा दगडावर चाक आदळलं की बसणारा गचका. तीन, एका बाजूचं चाक खाली गेलं की अख्खी गाडी कलंडल्यासारखी होऊन आतल्या माणसांचं डावीकडे-उजवीकडे फेकलं जाणं.

मोठ्या गाडीत हा तिसरा त्रास सर्वांत वाईट, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. चालकाच्या हातात स्टिअरिंग असतं, पुढचा खड्डा त्याला दिसत असतो, त्यामुळे त्याचं शरीर आधीच सावरलेलं असतं. मागच्या रांगेतला माणूस बेसावध असतो. उजवं चाक खड्ड्यात उतरतं, गाडी उजवीकडे झुकते, लगेच चाक वर येतं आणि झटका उलट्या बाजूने बसतो. डोकं काचेपासून वीतभर अंतरावर हेलकावत राहतं. तासभर असं झालं की मान आखडते आणि मळमळायला लागतं. गाडी जितकी उंच आणि छतावर वजन जितकं जास्त, तितका हा हेलकावा मोठा. म्हणजे भक्कम बांधणीतले दोन ठळक बदल याच त्रासात भर घालतात.

टायर: सर्वांत मोठा फरक इथे

आकडे बघा. टोयोटा लँड क्रूझर २००वर येणारा टायर २८५/६० आर१८ मापाचा, म्हणजे रुंदी २८५ मिलिमीटर, भिंत त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. रिमपासून जमिनीपर्यंत रबराची भिंत १७१ मिलिमीटर. तेच २८५/७० आर१७ घेतला तर भिंत जवळपास २०० मिलिमीटर होते. उलट शेव्हरोले टाहोच्या वरच्या प्रकारावर येणारा २७५/५० आर२२ टायर फक्त १३७ मिलिमीटरची भिंत देतो. दगडावर चाक चढलं की सर्वांत आधी दबते ती ही भिंत, स्प्रिंग नंतर. म्हणून २० किंवा २२ इंची रिम असलेल्या गाडीत पहिला खर्च लहान रिमचाच असावा. मात्र १७ इंची रिम आतल्या ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी प्रत्यक्ष बसवून बघायचं.

भक्कम बांधणीत मड-टेरेन टायर येतो, तोही बहुधा एलटी (हलक्या ट्रकच्या) वर्गातला, लोड रेंज (भार सोसण्याचा दर्जा) ई, म्हणजे ८० पीएसआयपर्यंत हवा सोसणारा. असा टायर काप-छेदाला दाद देत नाही, पण त्याची भिंत ताठ असते आणि वजन बरंच जास्त. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खडखडीत चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, उडत राहतं. डांबरी रस्त्यावर त्याची घरघर दिवसभर कानात राहते ती वेगळीच. मऊ बांधणीत ऑल-टेरेन टायर, आणि गाडीच्या वजनाला पुरत असेल तर लोड रेंज सी. चिकट चिखलात मड-टेरेन निर्विवाद पुढे आहे. खडी, माती, वाळू आणि कोरडा खडक यांवर मला ऑल-टेरेनच हवा.

आणखी एक गोष्ट: मागे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून वर न्यायचा एकच मार्ग आहे, मोठा टायर. लिफ्ट किटने बॉडी उचलली जाते, तो गोळा तिथेच राहतो. २८५/६० आर१८वरून २८५/६५ आर१८वर गेलात तर व्यास सुमारे २८ मिलिमीटरने वाढतो आणि गोळ्याखालची जागा त्याच्या निम्म्याने, म्हणजे १४ मिलिमीटरने. स्पीडोमीटर ताशी १०० दाखवत असेल तेव्हा गाडी साधारण १०३ ते १०४ने जात असते, हेही लक्षात असू द्या.

आता फुकटचा बदल. डांबरावर ३५ ते ४० पीएसआय हवा असेल तर कच्च्या खडीवर २६-२८, दगडी वाटेवर २०च्या आसपास, मऊ वाळूत १५-१८. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, पकड वाढते आणि खडखड लक्षणीयरीत्या विरते. भरल्या मोठ्या गाडीत १५च्या खाली मी जात नाही. वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर वेगही कमी हवा, नाहीतर टायरची भिंत तापून फाटते. त्यासाठी चांगला कंप्रेसर घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप मोठे चार टायर भरता भरता तापून बंद पडतो. थेट बॅटरीला चिमट्याने जोडायचा दणकट कंप्रेसर पुरतो. कायमचा बॉनेटखाली बसवलेला त्याहून सोयीचा. हवा परत भरायचा कंटाळा आला की लोक ती कमीच करत नाहीत, आणि मग महागड्या सस्पेन्शनला दोष देतात.

सस्पेन्शन: उंची की शॉक?

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत ५० मिलिमीटर लिफ्ट म्हणजे चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढा आधीच खर्च झाला. चाक खड्ड्यात उतरताना लवकर शेवटाला लागतं आणि ‘टक्’ असा दणका येतो. ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे ताकद नेणाऱ्या, वाकणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यावरचं रबरी आवरण लवकर फाटतं. ५० मिलिमीटरच्या आसपास गेलात की वरचा कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) बदलणंही बहुधा ओघाने येतंच, नाहीतर अलाइनमेंट जुळत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी चालते. त्यामुळे मऊ बांधणीत मी २५ ते ३० मिलिमीटरवर थांबेन, तेही सामानाने मागची बाजू बसते म्हणून.

स्प्रिंग निवडताना बाजारात ‘कायम इतकं वजन’ असे प्रकार मिळतात. ३०० किलो कायम वजनासाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीत लावली तर गाडी बैलगाडीसारखी उसळते. रोजचा वापर रिकामा आणि महिन्यातून एखादा प्रवास भरलेला असेल, तर मूळच्या जवळची स्प्रिंग ठेवून मागच्या कॉइलच्या आत हवेच्या पिशव्या घालणं जास्त शहाणपणाचं.

पण खरा पैसा शॉकमध्ये टाका. लाटांच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवा, थांबा आणि मागच्या शॉकजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. साध्या ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांच्या) शॉकमध्ये तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकचा दाब ढिला पडतो; सकाळी छान चालणारी गाडी दुपारी होडीसारखी डुलायला लागते ती यामुळे. मोनोट्यूबमध्ये (एकनळी शॉकमध्ये) वायू आणि तेल पिस्टनने वेगळं ठेवलेलं असतं, उष्णताही बाहेर लवकर जाते. वेगळी टाकी जोडलेल्या शॉकमध्ये तेल जास्त असतं, म्हणून ते आणखी उशिरा थकतात. अडीच-तीन टनांच्या गाडीला हा फरक पहिल्याच लांब प्रवासात जाणवतो.

हेलकाव्याची किल्ली अँटी-रोल बारमध्ये, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांडीत आहे. हा बार डांबरी वळणावर गाडी सरळ ठेवतो, पण खाचखळग्यात एका चाकाची हालचाल दुसऱ्यावर लादतो. काही गाड्यांत कारखान्यातूनच तोडगा येतो: लँड क्रूझरच्या काही प्रकारांतली केडीएसएस यंत्रणा वाट वाकडी झाली की हायड्रॉलिक्सने बार सैल सोडते. निसान पॅट्रोल वाय६२च्या अनेक प्रकारांत तर बारच नाहीत, चारही शॉक हायड्रॉलिक नळ्यांनी जोडलेले आहेत. अशी यंत्रणा तुमच्या गाडीत असेल तर ती काढून लिफ्ट किट बसवू नका; त्या यंत्रणेला चालणारी स्प्रिंगच घ्या.

एअर सस्पेन्शनवाल्यांची गोष्ट निराळी. गाडी बटणाने उचलते, भार पडला तरी पातळी राखते. पण सर्वांत वरच्या उंचीवर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून तिथे गाडी ताठ चालते. अडथळ्यापुरती वर न्या, मग मधल्या उंचीवर या. दूरच्या प्रवासाला निघण्याआधी पिशव्यांना भेगा आहेत का आणि कंप्रेसर धापा टाकतोय का, हे तपासा.

वजनाचा हिशेब कागदावर मांडा

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची भारक्षमता ६०० ते ७०० किलोंच्या आसपास असते. मोठं धूड बघून कुणाला खरं वाटत नाही. आता भक्कम बांधणी मोजू: चार माणसं ३००, पोलादी बंपर मूळचा वजा करून ५०, विंच ३५, कॅरियर ३५, छतावरचा तंबू ६५, मागचे ड्रॉवर ७०, भरलेला फ्रिज ४०, पाणी ४०, दुसरी बॅटरी २५, खालच्या संरक्षक प्लेटा ४५, दोऱ्या-साखळ्या आणि हत्यारं २५, कपडे-अंथरूण ६०. बेरीज ७९० किलो. गाडी निघण्याआधीच मर्यादेबाहेर गेली. कडक स्प्रिंग लावल्याने मागची बाजू वर येते, पण ब्रेक, ॲक्सल आणि चेसिस यांची मर्यादा तीच राहते.

मऊ बांधणीत काय बदलतं? ड्रॉवरऐवजी बांधलेल्या पेट्या, पोलादीऐवजी ॲल्युमिनियमच्या प्लेटा, एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जी निम्म्या वजनात जास्त वापरता येते. तिसऱ्या रांगेत कुणी बसणार नसेल तर त्या सीट काढून घरी ठेवा. छतावरचा तंबू पटकन उघडतो आणि ओल्या जमिनीपासून वर ठेवतो, हे खरं. पण त्याचं वजन नको तिथे, सर्वांत वर बसतं, आणि छताची चालत्या गाडीतली मर्यादा कॅरियरसकट मोजावी लागते. मोठ्या गाडीत दोघांना मागची जागा सपाट करून आडवं होता येतं. उरलेल्यांसाठी जमिनीवरचा चांगला तंबू आणि जाड गादी.

अडकलात तर

इथे भक्कम बांधणीचं पारडं जड होतं. एकट्याने, कुणी मदतीला येणार नाही अशा चिखलाच्या वाटांवर जाणार असाल तर विंच हवाच. गाडीच्या एकूण भरल्या वजनाच्या दीडपट ताकदीचा, म्हणजे ३,३०० किलोंच्या गाडीला सुमारे ५,००० किलोंचा. दोर सिंथेटिक घ्या. पोलादीपेक्षा हलका असतो आणि तुटला तर मागे झेपावण्याची ताकद फार कमी असते. दोन गाड्यांनी जात असाल तर ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), ताणणारा दोर आणि प्रमाणित रिकव्हरी हूक यांवर भागतं. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवू नका. तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

मऊ बांधणीतही एक बदल मी भक्कमकडून उसना घेईन: मागचा डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारं कुलूप. घसरणारं चाक आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला आधी चाक फिरू द्यावं लागतं, मग तो ब्रेक लावतो. म्हणून चढावर लोक वेग घेऊन जातात आणि गचके खातात. लॉक लावलेली गाडी त्याच चढावर चालण्याच्या वेगाने, न उसळता वर येते.

कुणी काय घ्यावं

पावसाळी चिखल, खोल चाकोऱ्या, एकटी गाडी, आत दोनच माणसं: भक्कम बांधणी घ्या, फक्त छत मोकळं ठेवा. कुटुंब, लांब पल्ला, खडी आणि दगडाच्या वाटा, मधे भरपूर डांबर: मऊ. क्रम असा ठेवा: रिम आणि टायर, कंप्रेसर, शॉक, मग डिफ लॉक, त्यानंतर काही प्रवास करूनच पुढचं ठरवा.

स्प्रिंग मागवण्याआधी गाडी माणसं, पाणी, इंधन यांसकट पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. आधी पुढचा ॲक्सल, मग मागचा, मग दोन्ही, असे तीन आकडे लिहून घ्या. ‘मोठी गाडी, थोडं सामान’ असं सांगितलंत तर दुकानदार अंदाजाने कडक स्प्रिंग देईल. हे तीन आकडे त्याच्यापुढे ठेवा आणि त्यांनुसारच मागवा.